दहशतवादाविरुद्धचं न दिसणारं काम: खरंच काही अडतं, की नुसते कागद फिरतात?

चौकसभवानी

हल्ला झाला की बातम्यांत कमांडो, ड्रोन आणि निषेधाचे ठराव दिसतात. त्यामागे बारा महिने बरंच काही चालू असतं: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीची दहशतवाद्यांची यादी, एफएटीएफची (काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठीचा देशांचा गट) करडी यादी, इंटरपोलचे डेटाबेस, विमानप्रवाशांच्या माहितीची देवाणघेवाण, स्विफ्ट या बँकांच्या निरोप-जाळ्यावरच्या संदेशांची छाननी. यातल्या कोणाकडेही फौज नाही, तुरुंग नाही. एफएटीएफला तर स्वतःचा आंतरराष्ट्रीय करारही नाही. १९८९ मध्ये जी-७ च्या पॅरिस परिषदेत ठरलं आणि सुरू झालं. तरी तिच्या यादीच्या धाकाने देशोदेशीची अर्थखाती कामाला लागतात.

यातलं नेमकं काय, कुठे आणि कसं अडवतं? आणि गळती कुठे होते? कुठला देश किती लबाड यावर वेगळे धागे आहेत. इथे यंत्रणा कशी चालते तेवढंच लिहा.

खडूफळा

वाचतोय. "इथे राजकारण नको" म्हणालात, म्हणजे पाचव्या प्रतिसादाला सुरू होणार.

नियमवाचक

१२६७ पासून सुरुवात करतो. हा ठराव १५ ऑक्टोबर १९९९ चा, म्हणजे ९/११ च्या आधीचा. मूळ रोख तालिबानवर होता. २०११ मध्ये तालिबानची यादी वेगळी काढली, २०१५ मध्ये २२५३ क्रमांकाच्या ठरावाने आयसिसला यात घेतलं. यादीत नाव गेलं की तीन गोष्टी होतात: मालमत्ता गोठते, प्रवासबंदी लागते, शस्त्रबंदी लागते. अटक यात कुठेही नाही. हे न कळल्यामुळे "यादीत आहे तरी मोकळा कसा फिरतो?" हा प्रश्न दर वेळी येतो. आपल्या देशात मोकळा फिरू देणं हा १२६७ चा भंग नाही. त्याच्या नावावर बँकेचं खातं चालू ठेवणं हा आहे.

नाव घालायची पद्धत अशी. प्रस्ताव देणारा देश ठरावीक नमुन्यात ओळखीचे तपशील आणि आरोपांचं टिपण देतो. ते १५ सदस्यांमध्ये फिरतं. दहा कामकाजाच्या दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर नाव चढतं. मतदान होत नाही, बैठकही लागतेच असं नाही. पण एकाही सदस्याने "विचार करायला वेळ हवा" म्हटलं की प्रस्ताव सहा महिने अडतो, वर तीन महिने वाढवून मिळतात. कारण जाहीर करावं लागत नाही. मसूद अझहरचं नाव चढायला १ मे २०१९ उजाडलं, पहिला प्रयत्न २००९ चा. उलट हाफिज सईदचं नाव मुंबई हल्ल्यानंतर दोन आठवड्यांत, १० डिसेंबर २००८ ला चढलं. पुरावा अपुरा होता की मर्जी नव्हती, हे बाहेरच्याला कधीच कळत नाही.

तिरकस

म्हणजे पंधरा जणांत एकाचं तोंड वाकडं झालं की फाईल नऊ महिने गारठली. (पाचवा प्रतिसाद माझा नाही, मोजून घ्या.)

खातेवही

नियमवाचक थांबले तिथून पुढचं काम बँकांत सुरू होतं, आणि खरी मारामार तिथेच आहे.

यादी एक्सएमएल म्हणजे संगणकाला थेट वाचता येईल अशा स्वरूपात येते. प्रत्येक नोंदीला क्रमांक, मूळ लिपीतलं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, टोपणनावं. टोपणनावांचे दोन दर्जे असतात: भरवशाची आणि कच्ची. नुसतं "अबू अमुक" हे कच्चं. त्यावर आपोआप व्यवहार अडवायला लागलात तर दिवसाला हजारो निरपराध खातेदार अडकतील. अरबी नावं रोमन लिपीत येतात तेव्हा एकाच मोहम्मदचे पाच-सात स्पेलिंग सहज होतात, म्हणून संगणक तंतोतंत जुळणी न करता "किती टक्के सारखं" हे मोजतो. टक्केवारीची पट्टी खाली ठेवली की खोट्या इशाऱ्यांचा ढीग लागतो. वर ठेवली की खरा माणूस एका अक्षराच्या फरकाने निसटतो. यावर उतारा एकच, दुसरा ओळख-तपशील. नाव आणि जन्मसाल, नाव आणि पासपोर्ट क्रमांक. जुन्या नोंदींमध्ये नेमकं तेच रिकामं असतं किंवा "अंदाजे १९६०-६५" असं लिहिलेलं असतं.

एफएटीएफची शिफारस क्र. ६ म्हणते की गोठवणूक "विनाविलंब" व्हावी, म्हणजे नाव चढल्यापासून काही तासांत. बऱ्याच देशांत आधी मंत्रालय अधिसूचना काढणार, मग नियामक परिपत्रक पाठवणार, मग बँक ते वाचणार. यात आठवडा गेला की गोठवायला खात्यात काही उरत नाही. म्हणून शहाण्या देशांनी कायद्यातच लिहून ठेवलंय की संयुक्त राष्ट्रांची यादी बदलली की ती इथे आपोआप लागू.

आणि गोठवणूक म्हणजे जप्ती नव्हे. मालकी त्याचीच राहते. अन्न, घरभाडं, औषधं, वकिलाची फी यासाठी समितीला कळवून पैसे सोडता येतात. २००२ च्या १४५२ क्रमांकाच्या ठरावात ती सोय आहे.

संशयात्मा

सगळं ठीक, पण आकडे बघा. ९/११ चा एकूण खर्च अमेरिकी चौकशी आयोगाने चार ते पाच लाख डॉलर धरला. लंडनचे जुलै २००५ चे स्फोट आठ हजार पौंडांच्या आत झाले, असं ब्रिटिश सरकारचाच अहवाल सांगतो. जगभर रोज फिरणाऱ्या रकमांत आठ हजार पौंड ही कसली रक्कम? पगार, छोटं कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळं कायदेशीर. पैशाच्या चाळणीत काही अडकतं यावर माझा विश्वास नाही.

तीळपापड

+१. बँकेत केवायसीचे कागद द्यायचे आपण, आणि अडकायचंही आपणच.

पैशाचीवाट

संशयात्मा, आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाशी सहमत नाही. हल्ल्याआधी रक्कम बघून पकडणं जवळपास अशक्य आहे, हे या क्षेत्रातले लोकही मान्य करतात. पैशाच्या नोंदी दुसऱ्या कामाच्या आहेत: एक माणूस हाती लागला की त्याचं जाळं उलगडणं. माणूस खोटं नाव सांगेल, फोन फेकून देईल. पण पाठवलेल्या पैशाला पाठवणारा, घेणारा, तारीख आणि ठिकाण चिकटलेलं राहतं.

स्विफ्टचं उदाहरण घ्या. कंपनी बेल्जियमची. ९/११ नंतर अमेरिकी अर्थखातं तिच्याकडून संदेशांचा साठा मागवायला लागलं, हे जून २००६ मध्ये वर्तमानपत्रांतून फुटलं. फेब्रुवारी २०१० मध्ये युरोपीय संसदेने हंगामी करार फेटाळला आणि मग अटींसह नवा करार १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. अटी वाचण्यासारख्या आहेत. साठ्याची मागणी आधी युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था तपासते. प्रत्येक शोधाला दहशतवादाशी संबंध दाखवणारं कारण आधी नोंदवावं लागतं. युरोपने नेमलेला निरीक्षक तिथेच बसतो आणि शोध अडवू शकतो. सेपा या युरोतल्या देयकांच्या व्यवस्थेतले व्यवहार मागता येत नाहीत. न वापरलेला डेटा पाच वर्षांनी पुसायचा. आणि स्विफ्टमध्ये खात्यातली शिल्लक दिसते हा गैरसमज आहे. तिथे फक्त "या बँकेने त्या बँकेला अमुकसाठी इतके दे म्हटलं" एवढाच निरोप असतो.

दुसरी जोडणी एग्मॉन्ट गट, १९९५ पासून. प्रत्येक देशाचा वित्तीय गुप्तवार्ता कक्ष, म्हणजे संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणारं कार्यालय (भारतात एफआययू, २००४ पासून), दुसऱ्या देशाच्या कक्षाला सुरक्षित जाळ्यावरून थेट विचारतो. वकिलातीमार्फत पत्र गेलं तर महिने लागतात, इथे बरेचदा दिवसांत उत्तर येतं. मोबदल्यात एक कडक नियम: आलेली माहिती देणाऱ्या देशाच्या संमतीशिवाय पुढे द्यायची नाही, पोलिसांनाही नाही, न्यायालयात तर नाहीच. ती दिशा दाखवण्यापुरती. पुरावा हवा तर पुन्हा रीतसर मार्गाने मागा. नवे अधिकारी हमखास इथे घोळ घालतात. एकदा का माहिती आरोपपत्रात उमटली, की तो देश पुढच्या वेळी दोन ओळींचं उत्तर देऊन मोकळा होतो.

चौकसभवानी

आणि करडी यादी? त्यात शिक्षा काहीच नसते ना?

पैशाचीवाट

कागदावर नसते. काळ्या यादीतल्या देशांवर जादा कारवाई करा असं सदस्यांना सांगितलं जातं. करड्या यादीचा अर्थ "देखरेख वाढवली आहे" इतकाच. पण परदेशी बँका त्या देशातल्या बँकांना जास्त प्रश्न विचारायला लागतात, कागद वाढतात, काही बँका संबंधच तोडतात.

लोकांना वाटतं कायदा केला की सुटका. एफएटीएफच्या २०१३ च्या पद्धतीपासून देशांचं मूल्यमापन दोन भागांत होतं: ४० शिफारशींप्रमाणे कायदा आहे का, आणि ११ निकषांवर तो चालतो का. नववा निकष दहशतवादाला पैसा पुरवल्याचे खटले आणि शिक्षा बघतो, दहावा गोठवणूक आणि स्वयंसेवी संस्थांकडे बघतो. तपासायला आलेली मंडळी विचारतात: किती तपास, किती खटले, किती शिक्षा, आणि तुमच्या देशातला धोका ज्या संघटनांकडून आहे त्यांच्यावरच आहेत का? पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या यादीत होता. आधी २७ मुद्दे होते, २०२१ मध्ये आणखी सात आले. कायदे बदलणं त्यातलं सोपं काम. वरच्या फळीतल्या लोकांवर खटले चालवून शिक्षा दाखवणं हा मुद्दा शेवटपर्यंत अडून राहिला. यादीतून काढण्याआधी पथक देशात जाऊन बघतं, त्यामुळे नुसत्या फायली पाठवून भागत नाही.

तिरकस

३४ मुद्दे, चार वर्षं. आणि सुटल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न?

पैशाचीवाट

ही खरी कमजोरी. सुटल्यानंतर पुढच्या पूर्ण मूल्यमापनापर्यंत पकड सैल होते, आणि आजवर दोन मूल्यमापनांत बरीच वर्षं गेलेली आहेत. नव्या फेरीत हे चक्र सहा वर्षांवर आणायचं ठरलंय.

सेवाभावी

याची दुसरी बाजू कोणीच लिहिली नाही. एफएटीएफची शिफारस क्र. ८ स्वयंसेवी संस्थांबद्दल आहे. मूळ मसुद्यात "या संस्था विशेषतः असुरक्षित" असं सरसकट म्हटलं होतं. त्याचा आधार घेऊन अनेक सरकारांनी नकोशा संस्थांच्या नाड्या आवळल्या. २०१६ मध्ये ते वाक्य काढलं, २०२३ मध्ये आणखी स्पष्ट केलं: धोका असेल त्याच संस्थांवर, धोक्याच्या प्रमाणात उपाय. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. सोमालियाला पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये बंद व्हायला लागली, कारण बँकेच्या हिशेबात फी थोडी आणि दंडाची भीती मोठी. आता यातून साधलं काय? पैसे जायचे थांबत नाहीत, रोखीने जातात, आणि नोंद राहत नाही. वर म्हणताय तो उलगडण्याचा धागाच तुटतो.

डिसेंबर २०२२ च्या २६६४ क्रमांकाच्या ठरावाने मानवतावादी मदतीला गोठवणुकीतून सूट दिली. ठराव चांगला आहे. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाने तो वाचलेला असेल तर.

सीमापार

आता प्रवासाकडे वळतो. इथे दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते.

एपीआय म्हणजे पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी: नाव, क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, वैधता. त्यात तपासणी-अंक असतात, म्हणून टंकनचूक लगेच पकडता येते. ही माहिती पक्की, पण चेक-इनच्या वेळी मिळणारी.

पीएनआर म्हणजे आरक्षणाची नोंद: तिकीट कधी, कोणी काढलं, पैसे कसे भरले, फोन, ईमेल, सोबत कोण, सामान किती. ही लवकर मिळते पण कच्ची. प्रवासी किंवा एजंट जे टंकतो ते. म्हणून एपीआय याद्यांशी जुळवायला आणि पीएनआर संबंध शोधायला, उदाहरणार्थ आधीच्या संशयितानेही हाच फोन क्रमांक दिला होता का. सुरक्षा परिषदेने २०१७ च्या २३९६ क्रमांकाच्या ठरावाने दोन्ही सर्व देशांना बंधनकारक केलं. ज्यांच्याकडे प्रणाली नाही त्यांना संयुक्त राष्ट्रं गो-ट्रॅव्हल नावाची प्रणाली देतात. ती मुळात नेदरलँड्सने बनवून दिलेली.

युरोपात विमान कंपनीने हा डेटा सुटण्याआधी ४८ ते २४ तासांत एकदा आणि दार बंद झाल्यावर पुन्हा द्यायचा असतो. दुसऱ्यांदा का, तर ऐन वेळी आलेले आणि न आलेले कळावेत म्हणून. युरोपीय आयोगाच्या आढाव्याप्रमाणे २०१९ मध्ये यंत्राने ०.५९ टक्के प्रवासी वेगळे काढले. माणसाने तपासल्यावर ०.११ टक्केच पुढे पाठवले. म्हणजे यंत्राचे पाचातले चार इशारे माणूस रद्द करतो. यंत्र बसवून माणसं न नेमणाऱ्या देशांचं काय होतं ते यावरून समजा.

खडूफळा

आणि इंटरपोल? सिनेमात त्यांचे एजंट पाठलाग करतात ना? :)

सीमापार

इंटरपोलला अटकेचा अधिकार नाही. रेड नोटीस म्हणजे "शोधा आणि तात्पुरतं ताब्यात घ्या" ही विनंती. तिला किती वजन द्यायचं ते प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. इंटरपोलच्या घटनेतलं कलम ३ राजकीय, लष्करी, धार्मिक आणि वांशिक प्रकरणांना मनाई करतं, त्यावर अनेक विनंत्या परत जातात.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात उपयोगी काम नोटिसांचं नाही. ते आहे हरवलेल्या-चोरलेल्या पासपोर्टांचा डेटाबेस, २००२ पासूनचा. जोडणीचे दोन प्रकार: एकात सीमेवरचा संगणक थेट इंटरपोलच्या लियाँमधल्या सर्व्हरला विचारतो. दुसऱ्यात ठरावीक काळाने ताजी होणारी प्रत देशातच ठेवतात. लाइन कच्ची असेल तर दुसरा बरा, पण मधल्या काळातल्या नोंदी निसटतात. ८ मार्च २०१४ ला बेपत्ता झालेल्या एमएच-३७० मध्ये दोघे जण चोरीच्या ऑस्ट्रियन आणि इटालियन पासपोर्टवर चढले होते. त्यांचा दहशतवादाशी संबंध निघाला नाही. पण दोन्ही पासपोर्ट डेटाबेसमध्ये होते, आणि चढण्यापूर्वी कोणी विचारलंच नव्हतं.

तीळपापड

हरवलेला पासपोर्ट कपाटामागे सापडला तर तो वापरायचा नाही, हे सगळ्यांना मोठ्या अक्षरांत सांगा कोणीतरी.

सीमापार

तीळपापड, अगदी. कळवल्यावर क्रमांक डेटाबेसमध्ये जातो आणि नोंद फक्त ती घालणारा देशच काढू शकतो. सापडलेला पासपोर्ट घेऊन निघालेले सुट्टीवरचे लोक सीमेवर अडकतात ते यामुळे.

नियमवाचक

१२६७ च्या यादीतून बाहेर पडण्याबद्दल राहिलं होतं. सुरुवातीला सोयच नव्हती. आपल्यावर आरोप काय तेही कळत नसे. यासिन कादी या सौदी व्यावसायिकाच्या प्रकरणात ३ सप्टेंबर २००८ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुरक्षा परिषदेचा हुकूम असला तरी युरोपीय अंमलबजावणीत बचावाची संधी हवीच. म्हणजे सगळी व्यवस्था युरोपात कोसळण्याची वेळ आली. मग २००९ च्या १९०४ क्रमांकाच्या ठरावाने नाव काढण्याचे अर्ज स्वतंत्रपणे तपासणारा लोकपाल आला. आता अर्ज केल्यावर चार महिने माहिती गोळा करायला, दोन महिने अर्जदाराशी संवादाला. लोकपालाने "काढा" म्हटलं तर ६० दिवसांनी नाव निघतंच, १५ ही सदस्यांनी एकमताने "ठेवा" म्हटलं किंवा एखाद्याने प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला तरच राहतं. म्हणजे चढवायला एकमत लागतं आणि लोकपालाच्या शिफारशीविरुद्ध ठेवायलाही. हा उलटा खटका बसवला म्हणून यादी टिकली. मात्र लोकपाल फक्त आयसिस आणि अल-कायदाच्या यादीपुरता. तालिबानच्या यादीला नाही.

तारवाला

डिजिटल पुराव्यावर थोडं.

मुंबई हल्ल्यातलं बोलणं इंटरनेट-फोनवरून झालं. खातं अमेरिकेतल्या कंपनीचं, पैशाचा एक हप्ता इटलीतून, तोही अडीचशे डॉलरच्या आतला. अशा तपासात तीन-चार देशांच्या नोंदी एका कालरेषेवर आणाव्या लागतात आणि नोंदी पुसल्या जाण्याआधी. म्हणून पहिलं काम "द्या" म्हणण्याचं नाही, "जपून ठेवा" म्हणण्याचं. सायबर गुन्ह्यांवरच्या बुडापेस्ट कराराखाली सदस्य देशांचे २४ तास चालणारे संपर्क आहेत, जपणुकीची विनंती त्यांच्यामार्फत तासांत जाते. मग परस्पर कायदेशीर साहाय्याची रीतसर विनंती, तिला महिने लागतात. भारत या करारात नाही.

विनंत्या परत येण्याची कारणं ठरलेली असतात. वेळ लिहिली पण कुठल्या टाइमझोनची ते नाही. आयपी पत्ता दिला पण पोर्ट क्रमांक नाही. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक ठेवतात, पोर्टशिवाय माणूस ठरत नाही. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की अमेरिकेतून हमखास नकार, कारण ईमेलच्या मजकुरासाठी तिथल्या कायद्याने सबळ कारण दाखवावं लागतं. आणि फाशीची शक्यता असेल तर युरोपीय देश लेखी हमीशिवाय हलत नाहीत. इराकमधल्या आयसिसच्या गुन्ह्यांचे पुरावे जमवणाऱ्या युनिटॅड या संयुक्त राष्ट्रांच्या पथकालाही हेच आडवं आलं. काम इराकच्या विनंतीवरून, आणि पुरावे इराकलाच देताना फाशीमुळे हात आखडता. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पथक बंद झालं.

संशयात्मा

आणि समाजमाध्यमं? तिथेही हॅशच्या नावाने जादू चालते म्हणे.

तारवाला

जादू नाही. चित्राचा किंवा व्हिडिओचा एक अंकी ठसा काढतात आणि तो ठसा कंपन्या वाटून घेतात, मूळ व्हिडिओ नाही. २०१७ मध्ये फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूबने जीआयएफसीटी हे सामाईक व्यासपीठ सुरू केलं ते यासाठी. ठसा जुळला तरी काढायचं की नाही हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. मर्यादा न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यात दिसली, १५ मार्च २०१९. हल्लेखोराने तो फेसबुकवर थेट दाखवला. फेसबुकने पहिल्या २४ तासांत १५ लाख प्रती काढल्या, त्यातल्या १२ लाख चढतानाच अडवल्या. म्हणजे तीन लाख चढल्यावर. कारण लोकांनी कडा कापल्या, पडद्यावरून पुन्हा चित्रित केलं. दिसायला वेगळ्या अशा ८०० हून अधिक आवृत्त्या निघाल्या.

सुटेभाग

वस्तूंवर कोणी लिहिलं नाही, म्हणून. लॉकर्बीच्या विमानस्फोटानंतर (२१ डिसेंबर १९८८, २७० मृत्यू) मॉन्ट्रियलमध्ये १ मार्च १९९१ ला करार झाला: कारखान्यातून निघणाऱ्या प्लास्टिक स्फोटकात यंत्रांना आणि श्वानांना ओळखू येईल असा पदार्थ मिसळायचाच. जुना साठा संपवायला लष्कर-पोलिसांना १५ वर्षं, बाकीच्यांना तीन. करार लागू झाला १९९८ मध्ये. घरगुती मिश्रणांना तो लागू पडत नाही, हे उघड आहे.

दुसरं, आयसिसच्या बॉम्बमधल्या सुट्या भागांचा माग काढणाऱ्या कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेचा फेब्रुवारी २०१६ चा अहवाल. २० देशांतल्या ५१ कंपन्यांची नावं त्यात आली, भारतातल्या सात. भारतातला माल कायदेशीर परवान्याने तुर्कस्तान किंवा लेबनॉनला गेलेला. कारखानदाराने नियम पाळला, आयात करणाऱ्यानेही. माल त्यापुढच्या किरकोळ विक्रीत हातचा गेला. माग लावता आला तो पेटीवरच्या लॉट क्रमांकामुळे.

चौकसभवानी

बरं, मूळ प्रश्नावर येऊ. यातली एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर?

सीमापार

पासपोर्ट डेटाबेस. स्वस्त, उत्तर काही सेकंदांत, आणि त्यावर कोणाला राजकीय हरकत नाही.

पैशाचीवाट

एग्मॉन्ट. नावही कोणी ऐकलेलं नसतं, म्हणून कोणी मोडायला येत नाही.

संशयात्मा

करडी यादी सोडून काहीही. पैशाच्या नोंदी तपासाला लागतात, इतकं आता मान्य.

तिरकस

लॉट क्रमांक!

नियमवाचक

१२६७ राहू द्या. "दहशतवाद" म्हणजे काय यावर सर्व देशांचं एकमत नाही. भारताने १९९६ मध्ये मांडलेला सर्वंकष करार अजून लटकलेला आहे. व्याख्येचा घोळ टाळून थेट नावावर बोट ठेवणारी ही एकच जागतिक यादी आहे. सीमापार, तुमच्या आकड्यांना एक जोड: युरोपात पीएनआर सहा महिन्यांनी झाकतात आणि पाच वर्षं ठेवतात असं निर्देशात आहे खरं, पण युरोपीय न्यायालयाच्या जून २०२२ च्या निकालाने सरसकट सर्व प्रवाशांचा डेटा सहा महिन्यांपुढे ठेवायला मनाई केली.

सीमापार

हो. आणि युरोपांतर्गत उड्डाणांवर सरसकट गोळा करायलाही, धोका दाखवता आला नाही तर. त्या निकालावर वेगळा धागा काढतो, इथे मावणार नाही.